मैत्रिणीसाठी खोली

दि. ४ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

आशीर्वाद. मी बरी आहे. तूही बरी असशील असं धरून चालते, कारण तू काही कळवत नाहीस, आणि वाईट बातमी असती तर ती कुणीतरी मोठ्या आनंदाने माझ्यापर्यंत पोहोचवली असतीच.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर आपलं पाचव्या वाक्याला बिनसतं. मी 'जेवलीस का' विचारते आणि तुला 'नोकरी का सोडलीस' असं ऐकू येतं. कागद तुला मध्येच आपटता येणार नाही. फाडता येईल, पण फाडण्याआधी तू वाचशील. तेवढी तुला ओळखते.

इथे सगळं ठीक. लिफ्ट पुन्हा बंद आहे. सोसायटीच्या चिटणिसांना जाऊन सांगितलं, की एवढ्या वेळात माझ्या वॉर्डात निम्म्या गावाची बाळंतपणं उरकली असती. तर म्हणे, "मॅडम, लिफ्टची कळ वेगळी असते." आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसले. मेट्रन होते तेव्हा असल्या माणसाला मी व्हरांड्यात उभं केलं असतं. आता मुकाट्याने तीन जिने चढते.

मुद्द्याचं लिहिते. माझी एक मैत्रीण आहे, तू तिला ओळखत नाहीस. तिला तुझ्या त्या बेटावर यायचं आहे. या वयात समुद्रात फळीवर उभं राहण्याचं खूळ कुठून शिरलं, ते मला विचारू नकोस. बाजारात टूरवाल्याचं दुकान आहे, त्याच्या काचेवर एका मोठ्या निळ्या लाटेचं चित्र लावलंय. ते बघत ती बरेच दिवस उभी राहायची, मग एकदा आत गेली. मी सोबत होते. टूरवाला म्हणतो, "आजी, तुम्हाला थंड हवेची सहल देतो. गुडघ्यांना बरी. बेटावर सगळी तरणी पोरं असतात."

मी म्हटलं, "आजी कुणाची? माझी नातवंडं तुमच्या ओळखीची आहेत का?"

म्हणजे ती म्हणाली. तिची जीभही माझ्यासारखीच आहे, म्हणून तर मैत्री.

तर तिच्यासाठी विचारते. तिकडे उकडतं किती? तुझ्या त्या लाटांच्या मास्तराच्या शाळेत पिकल्या केसांचं कुणी येतं का, की सगळी अर्ध्या कपड्यांतली? तिला पोहता येतं, कॉन्व्हेंटच्या तलावात शिकलेली आहे, पण समुद्रात कधी उतरलेली नाही. आणि उजवा गुडघा कुरकुरतो. ती स्वतःचा खर्च स्वतः करणारी आहे, फुकट काही नको तिला. फक्त खरं काय ते कळव.

मला स्वतःला या सगळ्यात काडीचा रस नाही.

आई


दि. २ मार्च

चि. भिंगरी,

आशीर्वाद. पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, कोंबडीने पाय पुसल्यासारखं. तरी सगळं वाचलं.

तुझा निरोप मैत्रिणीला जसाच्या तसा वाचून दाखवला. "तिला खुशाल पाठव. हॉटेलात कशाला? आमची मागची खोली रिकामी आहे, खिडकीतून पाणी दिसतं. तिच्या वयाची एक बाई मागच्या हंगामात येऊन गेली, फळीवर उभीसुद्धा राहिली. फक्त आधी घरी सराव करायला सांग. जमिनीवर पालथं पडायचं आणि एका दमात दोन्ही पायांवर उभं राहायचं." हे सगळं चांगलं लिहिलंस. मैत्रीण खूश झाली.

शेवटचं वाक्यही वाचलं. "तू येणार नाहीस हे माहीत आहे, म्हणून तुला विचारत नाही." त्यावर मला काही म्हणायचं नाही.

पोहण्याचा पोशाख घ्यायला गेलो. दुकानदारीणबाई विचारते, "नातीसाठी का?" म्हटलं, "हो. नात अगदी माझ्याच मापाची आहे." बाईने टेप काढला आणि माझंच माप घेतलं. काळा घेतला, बाह्यांचा. घरी येऊन आरशासमोर घालून बघितला तर कोळशाचं पोतं दिसतं, असं मैत्रिणीचं म्हणणं. तिथे कुणी बघत नसेल तर बरं. उन्हाचं मलमही घेतलं. त्यावर लिहिलंय, दर दोन तासांनी पाठीला लावा. एकट्या माणसाने पाठीला कसं लावायचं, ते कुठेही लिहिलेलं नाही. हे औषध बनवणारे कधी एकटे राहिले नसावेत.

एक सांगायचं राहिलं. मैत्रीण सराव करताना पडली.

फार काही नाही. दुपारी भांडी आवरून ती जेवणाच्या टेबलाजवळ चटईवर पालथी झाली. तू लिहिलं होतंस तसे हात छातीशी घेतले, एका दमात उठली, आणि गुडघ्याने ऐनवेळी माघार घेतली. टेबलाखाली गेली. मग उठता येईना. तशीच पडून राहिली, संध्याकाळी इस्त्रीवाली कपडे घेऊन येईपर्यंत. दाराची एक किल्ली इस्त्रीवालीकडे असते, एवढी अक्कल नशिबाने आधीच होती.

टेबल खालून कधी बघितलं आहेस? आपलं आहे ना, तसंच होतं. वर्षानुवर्षं त्यावर जेवलो, आणि खालून बघावं तर सुताराने चौथा पाय भलत्याच लाकडाचा लावलेला! वरून पॉलिश मारून मोकळा. मेल्याला तुझ्या बाबांनी वर बक्षिशी दिली होती. सगळी दुपार त्याला शिव्या घालण्यात बरी गेली.

तेवढ्या वेळात फोन एकदाही वाजला नाही. वाजला असता तरी उचलता आला नसताच. पण वाजला नाही.

हाड मोडलेलं नाही. हाडांच्या डॉक्टरला दाखवलं. तो शिकाऊ होता तेव्हा त्याला सुई धरायला मी शिकवलंय, आता मला 'मावशी, वय झालं' सांगतो. सूज आहे, उतरेल.

तू विचारशील, मैत्रिणीच्या मुलीला कळवलं का? नाही. मुलगी लांब असते, कामात असते. तिला कळवून ती काय करणार होती? आणि काहीच केलं नसतं तर मग काय, हा दुसरा प्रश्न.

टूरवाल्याला हॉटेलचंच सांगितलंय. तुझ्या मागच्या खोलीत नको. परक्या बाईला घरात घ्यायचं म्हणजे तुला त्रास.

आई


दि. २१ मार्च

भिंगरे,

काल तू फोन केलास. इतक्या महिन्यांनी तुझा आवाज ऐकला तर मला वाटलं, राँग नंबर असावा.

तू 'कशी आहेस' असं विचारलं नाहीस. म्हणालीस, "मैत्रीण कशी आहे?"

मी म्हटलं, "बरी आहे."

"गुडघा?"

"सूज उतरतेय."

"तिच्याकडे बघायला कोण आहे?"

"ती स्वतःच बघते. इतकी वर्षं मेट्रन होती, तिला काय कोण बघणार?"

मग फक्त तुझ्या मागे समुद्राचा आवाज येत होता, किंवा पंख्याचा असेल. मी म्हटलं, "दूध उतू चाललंय," आणि फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतं. गॅससुद्धा पेटवलेला नव्हता.

तेव्हा आता उगाच सोंग नको. मैत्रीण वगैरे कुणी नाही. हे तुला पहिल्याच पत्रात कळलं होतं की फोनवर, ते मला सांगू नकोस. दोन्हींत माझीच फजिती आहे.

ही सवय जुनी आहे. आमच्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये मुलींनी घरी लिहिलेलं प्रत्येक पत्र मदर आधी वाचायच्या. 'मला इथे करमत नाही' असं लिहिलं तर पत्र फाडून समोर ठेवायच्या आणि नीट लिहायला लावायच्या. मग थोरल्या मुलींनी आम्हाला युक्ती शिकवली. लिहायचं, 'माझ्या शेजारच्या खाटेवरची मुलगी फार रडते, तिला घरची आठवण येते.' दुसऱ्याच्या दुःखाला मदरची हरकत नसे, उलट कौतुक. वर्गातल्या सगळ्या मुलींच्या शेजारची मुलगी रडत होती. बाकीच्यांच्या आया एकेक करून भेटायला आल्या. माझ्या आईने बिस्किटांचे दोन डबे पाठवले. एक माझ्यासाठी, एक त्या बिचाऱ्या मुलीसाठी. सोबत चिठ्ठी, 'तू खंबीर आहेस याचा अभिमान वाटतो, तिलाही धीर दे.'

मी दोन्ही डबे खाल्ले. आणि पुढे जन्मभर खंबीर राहिले. लोकांना ते आवडतं, त्यांना काही करावं लागत नाही.

तुला रागावून मी हे लिहीत नाही. तुझे बाबा गेले तेव्हा तू राहते म्हणालीस, आणि मी तुझी बॅग स्वतः भरून दिली. तू राहिली असतीस तर आपण एकमेकींचे केस उपटले असते, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. पण तू गेल्यावर इतकी सामसूम होईल, याची मला कल्पना नव्हती. पहिल्या वर्षी वॉर्डातल्या मुली यायच्या, 'मेट्रन, मेट्रन' करत. मी त्यांच्या चपला कशा काढल्यात त्यावरूनही बोलायचे. आता येत नाहीत. मला भेटायला कुणी येत नाही, भिंगरे. इस्त्रीवाली येते, आणि मी मुद्दाम धुतलेल्या चादरी इस्त्रीला देते. चादरींना कोण इस्त्री करतं? तीही मोजून घेऊन जाते.

टेबलाखाली पडले होते तेव्हा मी ओरडले नाही. शेजारी ऐकू गेलं असतं, भिंत पातळ आहे. पण कुणाच्या नावाने हाक मारायची, तेच सुचेना. 'अहो' म्हणावं तर ते नाहीत. तुझं नाव तोंडात आलं आणि मी तोंड मिटलं. लाज वाटली म्हण. ती दुपार सुताराला शिव्या घालण्यात गेली हे खरं नाही. थोडा वेळ घातल्या.

त्या निळ्या लाटेच्या चित्रात फळीवर कुणी बाई आहे, तोंड दिसत नाही. मला ती तू वाटतेस. तू नाहीस हे मला कळतं, ते चित्र कुठल्याही बेटाचं असेल. पण बाजारात जायचं म्हणजे त्या बाजूने जायचं, असं झालंय. मला फळीवर उभं राहायचं खूळ नाही. मला काठावर बसून, तू उभी राहतेस ते बघायचं आहे. आणि मध्येच ओरडून सांगायचं आहे, की पाठ सरळ ठेव.

आज सकाळी टूरवाल्याकडे गेले. हॉटेल रद्द करायला लावलं. तो कुरबुरला आणि म्हणाला, "मग तिथे उतरणार कुठे, आजी?"

'आजी'वर आज मी काही बोलले नाही. म्हटलं, "मुलीकडे."

"मुलगी आहे तिथे? आधी बोलला नाहीत! त्यांना विचारलंय ना?"

हो म्हणणार होते. 'माझ्या मुलीच्या घरी मी विचारून जाऊ?' असं काहीतरी ठणकावणार होते, वाक्य तयार होतं. पण खोटं बोलवेना. म्हटलं, "विचारते."

त्याने जागा महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली आहे.

तू खोली मैत्रिणीला देऊ केलीस, मला नाही. हा फरक मला समजतो. मी कशी आहे, हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. घरात पाऊल टाकलं की मी तुझ्या पडद्यांना नावं ठेवीन, आणि तुझ्या त्या मास्तराला केस कापायला सांगीन. हे आधीच सांगून ठेवते, मागाहून फसवलं म्हणू नकोस. तरीही विचारते. आजवर मी कुणाच्याही दारात असं विचारून उभी राहिलेले नाही, त्यामुळे नीट जमलं नसेल तर समजून घे.

मी येऊ का? महिनाभरासाठी. तुला जड झालं तर आधी परत जाईन.

उत्तर पत्राने देऊ नकोस, फार दिवस लागतात. फोन कर. मी उचलीन, आणि तुझं बोलून होईपर्यंत एक शब्दही बोलणार नाही.

वाट पाहणारी,
आई