सहाशे ग्रॅम

सोमवार, ८ जानेवारी

आज आरोग्य केंद्रातला बाळांच्या वजनाचा सोमवार मी एकटीनं पार पाडला. दाराच्या वरच्या हुकाला काटा अडकवला, झोळी लावली, काटा शून्यावर आणला आणि मग एकेक बाळ. सगळी बाळं कपडे काढून. मोठ्या सिस्टर शेजारच्या टेबलावर लस देत होत्या. त्यांना हे पटलेलं नाही. "थंडी आहे गं. पोरं गारठतात. मग आया पुढच्या महिन्यात तोंड दाखवत नाहीत." मी म्हटलं, आम्हाला नर्सिंगच्या पदवीला शिकवलंय, कपड्यांसकट वजन घेणं शास्त्रीय नाही. सगळ्या आयांसमोर म्हटलं. आता लिहिताना वाटतंय, जरा हळू म्हणायला हवं होतं.

पण मुद्दा बरोबरच होता.

अकरा बाळं. रडारड एवढी की समोरचा न्हावी हातात वस्तरा घेऊन डोकावून गेला. "काय चाललंय काय?" मोठ्या सिस्टर त्याला म्हणाल्या, "काही नाही. शास्त्र चाललंय."

मी प्रत्येक बाळाचा आलेख काढून भिंतीवर लावलाय. जुन्या कार्डांवरचे आकडे उतरवून, महिन्याला एक बिंदू, मग रेघ. दहा जणांची रेघ वर गेली. एकीची खाली.

ती छापखान्यावरच्या खोल्यांत राहणारीची मुलगी. चिमी म्हणतात तिला, तीन महिन्यांची आहे. मागच्या महिन्यात चार किलो नऊशे. आज चार किलो आठशे. तीन महिन्यांच्या बाळाचं वजन उतरायला नको. मी आईला सांगितलं, "दूध पुरत नसेल बहुतेक." ती माझ्याच वयाची असेल. गोंधळून म्हणाली, "पण पिते की, ताई. पिऊन गाढ झोपते. दिवसाला सात-आठ लंगोट ओले करते." तिच्या मागून सासूबाई म्हणाल्या, "तरी मी म्हणतच होते."

गुरुवारी डॉक्टर येतात. त्यांना आलेख दाखवायचा.

गुरुवार, ११ जानेवारी

डॉक्टरांनी भिंतीकडे पाहिलं. "हे कुणी केलं?" मी म्हटलं, मी. "छान. हे असं समोर दिसलं की काम सोपं होतं." बाहेर चाळीस जण बसले होते, तरी एवढं बोलायला थांबले. मग चिमीच्या रेघेवर बोट ठेवलं. "उतरतंय. वरचं दूध सुरू करा." अर्ध्या मिनिटात झालं सगळं.

सासूबाईंना बाटली कशी उकळायची, पावडर कशी मोजायची ते मी नीट दाखवलं. दोनदा करून घेतलं.

घरी बाबांना सांगितलं, डॉक्टर छान म्हणाले. बाबांनी आईला हाक मारून परत सांगायला लावलं. आईनं शेजारणीला भिंतीवरूनच ऐकवलं. आमच्या घरात कुणाला कुणी डॉक्टरनं "छान" म्हटल्याची ही पहिलीच वेळ.

शुक्रवार, १२ जानेवारी

छापखान्यावरचीचा चेहरा डोळ्यासमोरून जात नाही. नको ते सांगावं लागणं हाही कामाचा भाग आहे. शिकेन.

मंगळवार, १६ जानेवारी

गृहभेटी. छापखान्याचा जिना चढताना पायाखाली यंत्रं धडधडत असतात. वर दोन खोल्या. पुढच्या खोलीतल्या फडताळावरची भांडी आपोआप किणकिणतात, घरच्यांना ऐकूही येत नाहीत.

सासूबाईंनी बाटल्यांचं काम मनावर घेतलंय. पांढऱ्या फडक्यावर दोन बाटल्या पालथ्या घातलेल्या. डबा उघडल्याची तारीख डब्यावर लिहिलेली. पावडरीचा चमचा सुरीच्या पाठीनं सपाट करून दाखवला मला. "बरोबर ना, मॅडम?" एकदम बरोबर. माझ्या सगळ्या घरांत एवढी काटेकोर बाई नाही.

चिमीची आई खाली बसून मटार सोलत होती. मी विचारलं, अंगावरही पाजता ना? तिच्याऐवजी सासूबाई म्हणाल्या, "आधी बाटली. मग काही असलं तर." सुनेनं वर पाहिलं नाही. माझ्यावर रागावली असणार. रागावू दे. चिमीचं वजन वाढलं की राग जाईल.

सोमवार, २२ जानेवारी

क्रमानं लिहिते, नाहीतर लिहून होणार नाही.

सकाळी चिमी आली, दोन आठवड्यांनी. पाच किलो शंभर! तीनशे ग्रॅम वाढ. मी रेघ वर ओढली. सासूबाई जमलेल्या बायकांना सांगत होत्या, "बाटली सुरू केली आणि पोर अशी भरली." चिमीची आई तिला कपडे घालत होती. मला वाटलं आता तरी हसेल. नाही हसली.

मग दोन-दोन महिन्यांची तीन बाळं आली. दुसऱ्या गल्लीतली. मागच्या महिन्यापेक्षा पहिल्याचं वजन कमी. दुसऱ्याचं कमी. तिसऱ्याचं जेमतेम तेवढंच. मी घाबरले. मोठ्या सिस्टरांकडे पळत गेले. म्हटलं, लहान बाळांमध्ये काहीतरी साथ आहे, तिघांचीही वजनं पडलीत.

त्यांनी सुई ट्रेमध्ये ठेवली. "सगळी पोरं ठरवून रोडावली काय गं? आण बघू कार्डं."

कार्डं पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. "ठिपके वजा केलेस ना?"

मी विचारलं, कुठले ठिपके?

आकड्यापुढे शाईचा एक बारीक ठिपका असतो. मी तो शेकडो वेळा पाहिलाय. मला वाटायचं, लिहून झाल्यावर पेन टेकतं म्हणून. तो ठिपका म्हणजे कपड्यांसकट. थंडीच्या दिवसांत अडीच महिन्यांच्या आतलं बाळ मोठ्या सिस्टर कधीच उघडं करत नाहीत. स्वेटर, टोपी, मोजे, शाल, सगळ्यासकट झोळीत घालतात आणि आकड्यापुढे ठिपका देतात. त्यांच्या आधीच्या सिस्टरही तसंच करायच्या. "अठरा वर्षांत कुणाला सांगावं लागलं नाही," त्या म्हणाल्या. "जी यायची तिला माहीत असायचं. तू एवढा तक्ता केलास, मला वाटलं विचार करूनच केला असशील."

तिन्ही आया अजून बाकावरच होत्या. त्यांना मी अजून काही सांगितलं नव्हतं, एवढंच नशीब.

मग मी भिंतीपाशी गेले. चिमीचं जुनं कार्ड काढलं. चार किलो नऊशे. पुढे ठिपका.

केंद्र रिकामं झाल्यावर एका आईकडून मागून घेतलेले कपडे मी नुसतेच झोळीत टाकले. स्वेटर, टोपी, मोजे, शाल. काटा सहाशेवर थांबला. म्हणजे चिमी तेव्हा चार किलो तीनशे होती. पुढच्या महिन्यात चार किलो आठशे. उतरलं नव्हतं. पाचशे ग्रॅम वाढलं होतं, नुसत्या आईच्या दुधावर.

सात-आठ लंगोट, म्हणाली होती ती. एवढे ओले होतात म्हणजे दूध पुरतंय. मी ते लिहूनसुद्धा घेतलं नाही.

मंगळवार, २३ जानेवारी

मोठ्या सिस्टर एक शब्द टाकून बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. सकाळी गेल्या गेल्या एवढंच म्हणाल्या, "ठिपक्याचं मी सांगायला हवं होतं. पण तू तेव्हा मला सगळ्यांसमोर शास्त्र शिकवलंस ना, मग माझंही तोंड मिटलं." आणि मग, "ते राहू दे. त्या पोरीचं बघ. बारा दिवस झालेत. बाळ अंगावर आलं नाही की दूध आटत जातं. अजून वेळ गेलेली नाही, पण फार उरलेलीही नाही. पूर्ण आटलं तर परत आणताना तिची आणि माझी, दोघींची परीक्षा आहे."

म्हणजे मला तिथे जाऊन सांगावं लागणार. सासूबाईंसमोर. बाटली छान चालली असताना.

जेवण गेलं नाही. आईला वाटलं ताप आहे. बाबांना खरं सांगितलं. बाबा गवंडी आहेत, त्यांचं सगळं गवंडीकामातूनच निघतं. म्हणाले, "मी एकदा एका घराच्या मोरीचा उतार उलटा काढला होता. पाणी स्वयंपाकघरात. फरशा बसवून झाल्या होत्या. त्या बाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि मी एकेक फरशी उखडत होतो."

"मग काय म्हणाल्या त्या?"

"नको नको ते म्हणाल्या. ऐकत ऐकत उखडली."

बुधवार, २४ जानेवारी

गेले.

सासूबाईंनी स्टूल दिलं, पाणी दिलं. आतलं दार लावलेलं होतं. "पाजतेय आत. दार उघडं असलं की पोर इकडेतिकडे बघते, बाटली सोडते म्हणे." मी थांबले नाही, थांबले असते तर बोलताच आलं नसतं. सगळं सांगितलं. ठिपका, कपडे, सहाशे ग्रॅम. तुमच्या सुनेचं दूध पुरत होतं. चूक माझी.

त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "म्हणजे चुकीचं वजन तुमचं. आणि पोर वाढली माझ्या बाटलीनं. मग बाटली का बंद करू?"

मी म्हटलं, आईचं दूध—

"आधी म्हणालात दूध नाही. आता म्हणता आहे. पोर म्हणजे काय पाटी आहे तुमची, लिहायला आणि पुसायला? उद्या तुमचा काटा तिसरंच काही सांगेल." आवाज चढला नव्हता. त्यामुळे जास्त लागलं. पुढे म्हणाल्या, "मी माझी तीन पोरं कशी वाढवली मला माहीत. कुणी येऊन मोजलं नाही. या एका पोरीसाठी मी दिवसभर पाणी उकळते, मॅडम."

त्यांचे डोळे भरले होते. हे मला सुचलंच नव्हतं, की बाटली बंद म्हणजे त्यांचंही काहीतरी काढून घेणं आहे.

आतलं दार उघडलं. चिमीची आई रिकामी बाटली घेऊन आली, मोरीपाशी बसून धुवायला लागली. तिनं सगळं ऐकलं असणार, एवढ्याशा घरात. मी जिना उतरायला लागले तेव्हा दारापर्यंत आली. यंत्रांच्या आवाजात जवळ येऊन विचारलं, "ताई, माझं दूध पुरत होतं?"

"हो."

"नक्की?"

"नक्की."

तिनं मान हलवली आणि आत गेली. माफी मागायची राहिली. ज्यांना स्पष्टीकरण द्यायचं त्यांना दिलं, आणि जिची मागायची तिची राहिली.

गुरुवार, २५ जानेवारी

डॉक्टरांना सांगितलं. "मीही कार्ड उघडून पाहिलं नाही," म्हणाले. "बंद करा वरचं. बाळ शक्य तितक्या वेळा अंगावर घ्यायला सांगा." पुढचा पेशंट.

सगळे आलेख भिंतीवरून काढले. मोठ्या सिस्टरांबरोबर बसून परत आखतेय. ठिपकेवाल्या बाळांची कपड्यांसकटची रेघ तुटक. ही कल्पना त्यांची. पेन्सिल तोंडात धरून म्हणाल्या, "पदवीला लागते का गं ही असली आखणी?" मला आठवड्यात पहिल्यांदा हसू आलं.

चिमीच्या आईला सोमवारी एकटीला यायचा निरोप धाडलाय. सिस्टर दूध तपासतील. आटलं असेल तर काय, हा एकच विचार.

सोमवार, २९ जानेवारी

ती आली. चिमी पाच किलो तीनशे. सिस्टर हात धुवायला गेल्या तेवढ्यात मी माफी मागितली. ती म्हणाली, "तपासायला नको, ताई. चिमी बाटली प्यायलीच नाहीये." पहिल्या दिवसापासून. आत जाते, दार लावते, बाटली खिडकीतल्या कुंडीत ओतते आणि अंगावर पाजते. "तुम्ही म्हणालात पुरत नाही, डॉक्टर म्हणाले, घरात म्हणाले. पण पोर घटाघट पीत होती. मला कळत होतं."

मी उठलेच. म्हटलं, आत्ता येते, सासूबाईंना सांगते, चिमी वाढली ती तुमच्याच दुधावर. तिनं माझं मनगट धरलं. "बाटली बंद करू नका. आधी पाजायला बसले की हाक यायची, हे निवड, ते आण, बाळ खांद्यावर टाकून उठायचं. बाटलीची वेळ ठरलेली असते. तेवढा वेळ मला कुणी हाक मारत नाही."

मी चिमीचं कार्ड घेतलं. लिहिलं: बाटली बंद. आईचं दूध, दिवसातून आठ वेळा, दर वेळी अर्धा तास, दार लावून. या वेळात आईला हाक मारू नये. बाळाची व आईची वेळ सासूबाईंनी सांभाळावी.

मोठ्या सिस्टरांनी वाचलं. तिच्याकडे पाहिलं. 'अर्धा' खोडून 'पाऊण' केलं आणि सही केली.