नवानंतरचा दर

३ मार्च
मंठा रोडच्या बॅटरी गाड्यांच्या चार्जिंग स्टेशनवर महिना झाला. एवढं एका जागी कधी टिकलो न्हाई. शेठ म्हणतो, "भटक्या, पायाला चाकं हायेत तुझ्या."
काम काय, तर ज्याच्या मोबाइलात अ‍ॅप न्हाई त्याची गाडी माझ्या मोबाइलवरून लावायची. चालूही मीच, बंदही मीच. सकाळी नवानंतर दर स्वस्त, त्याआधी महाग. चार्जिंग संपल्यावर गाडी तशीच ठेवली की मिनिटामागं दंड. दंड भरल्याबिगर गन, म्हंजे गाडीत खुपसलेलं वायरचं टोक, सुटत न्हाई.
गयाबाईची बॅटरीची रिक्षा. वस्तीवरच्या पाच पोरींना दहावीच्या अकराच्या पेपरला मंठ्याला नेती. बाईच्या रिक्षात पोरी धाडायला बाप लोक कसेबसे तयार झालेत. रोज नऊ वाजेस्तोर थांबती. "स्वस्तात भरू लेकरा. अर्धा तास बास."

५ मार्च
उंटांचा ट्रक आल्ता! राजस्थानचा. उंट ट्रकात बसवतात कसे? गुडघे बांधून. ड्रायव्हरसंग लांब फाट्यापर्यंत गेलो. एक उंट सारखा माझ्याकडंच
हे आधी लिहायला नको होतं.
नऊला गयाबाईची रिक्षा लावून गेल्तो. बंद करायचा मोबाइल माझ्या खिशात. साडेनवाला चार्जिंग संपलं, गन अडकली. परतलो तर पावणेअकरा. ती दोन्ही हातांनी गन ओढून राह्यल्ती. बोटं सोललेली. मशीनची वीज तोडायचं लाल बटण दाबलं असतं तर सुटली असती. शेठनं दाबू दिलं न्हाई. शेजारी मोठी गाडी लागल्ती, तिचंही बंद पडलं असतं. "बाई, नियम समद्यांला बराबर."
दंड तिच्याकडूनच घेतला. मीच घेतला.

६ मार्च
कालच्या पेपरला चार पोरी दुधाच्या टेम्पोत बसून टायमावर पोचल्या. पाचवी सविता, गयाबाईच्या भावाची. "आत्या येणारच" म्हणून थांबली. पोचली तवा गेट बंद.
भाऊ समद्यांसमोर म्हणला, "दोन रुपयं वाचवायला माझ्या पोरीचं वरीस घातलंस."
शेठ मला म्हणला, "मशीन बिघडली म्हण. न्हाईतर उचल बोचकं." गयाबाईला तसंच सांगितलं, वर मिस्त्री आणायला गेल्तो म्हणलो. तिला बिलकुल शंका न्हाई. उलट विचारती, "तुला तर कोणी बोललं न्हाई ना रे?"

८ मार्च
तिच्याच रिक्षात मागं बसून लिहून राह्यलो. अक्षर हलतंय.
वस्तीवर समदे जमलेत. राहिलेल्या पेपरांना पोरी न्यायचं काम तिच्याकडं ठेवायचं का काढायचं, आज ठरवणार. मला न्यायला तीच आली. "तू बघितलंस ना. मी कुठं टाइमपास केला न्हाई, एवढं सांग. भाऊ तोंड बघंना माझं."
शेठचे तीन फोन. उचलले न्हाई.
सांगितलं तर ती सुटती. मंग मी? आन् मशीन म्हणलो तर भाऊ म्हणणार, बाईला गाडी कळतच न्हाई.
आरशात बघून म्हणली, "घाम किती आला रे तुला."
फाट्यावर गाडी उभी केली तिनं. पाण्याची बाटली मागं दिली. "पी. भिऊ नको, मी हाय ना."
समोर जालन्याची काळीपिवळी भरून राह्यली. क्लीनर बोंबलतोय, एक सीट, एक सीट