जयाचा ढावलो

११ जानेवारी

सकाळीच अवधूतचा फोन. अल्बम फेब्रुवारीअखेर हातात हवा. "मार्चमध्ये परीक्षा, मग आयपीएल. मग कोण ऐकतंय तुझं?" हो म्हणून टाकलं. पुण्यात इतकी वर्षं तेलाच्या नि पंख्यांच्या जाहिरातींना संगीत दिलंय, तारखेची भीती कधीच मेली. दहा सेकंदांचं दुःख, दहा सेकंदांचा आनंद — सांगाल त्या वेळेला तयार!

पण हा अल्बम माझा स्वतःचा. तिसरा. पहिले दोन ज्यांनी ऐकले त्यांना आवडले, आणि ज्यांनी ऐकले ते जवळजवळ सगळे मला ओळखतात. अवधूतची कंपनी छोटी आहे. हाही गेला तर पुढच्यासाठी तो पैसे घालणार नाही. तसं तो बोलला नाही. यवतमाळच्या वकिलांच्या घरातला आहे, असं तोंडावर बोलायचं वळण नाही त्यांच्यात.

म्हणून दिग्रसजवळ आमच्या तांड्यावर, घरी आलेय. बापूच्या, म्हणजे वडिलांच्या, कापसाच्या खोलीत बसते. भाव वाढेल म्हणून बापूनं पार छतापर्यंत कापूस भरून ठेवलाय. मधोमध जागा करून टेबल, लॅपटॉप, माइक मांडला. अशी शांतता पुण्यातल्या स्टुडिओत पैसे मोजून मिळत नाही — कापूस सगळा आवाज गिळतो. बापू दारातून डोकावला.

"कापसाले गाने आयकवून राह्यली का?"

"भाव वाढला तरी विकू नका बापू. अल्बम व्हायचाय."

"मंग तुह्या अल्बमाले हमीभाव भेटते का, तेवढं सांग."

(घरात आम्ही बंजाऱ्यांच्या गोर बोलीत बोलतो. लिहायला बसले की त्याचं वऱ्हाडी होतं. होऊ दे.)

१५ जानेवारी

अवधूतला प्रसिद्धीसाठी माझी 'ओळख' हवीय. "तुझ्यावर कुणाकुणाचा प्रभाव, ते लिही. आणि या संगीताला म्हणायचं काय? लोकसंगीत? टेक्नो? काहीतरी एक सांग, बाई!"

लिहून पाहिलं. दिग्रसला शाळेच्या वाटेवर जिनिंग होतं, त्यातले सरकी काढायचे रेचे दिवसभर एका ठेक्यात चालायचे. आम्ही पोरी त्या ठेक्यावर पावलं टाकायचो. होळीच्या आधी महिनाभर तांड्यात लेंगी गाणी म्हणत नाचायचे, बापूचा नगारा. बसस्टँडवरच्या कॅसेटच्या गाड्या — एकीवर कव्वाली, दुसरीवर भीमगीतं, तिसरीवर गणपतीची आरती. मी तिन्हींच्या मधे उभी राहून तिन्ही एकदम ऐकायची. बस चुकायची. होस्टेलात मिळालेला जुना की-बोर्ड, त्याची वरची चार बटणं मुकी. मग पुणे. पहिल्यांदा मोठ्या स्पीकरवर बास ऐकला, तो कानांनी नाही, बरगड्यांनी. सगळे म्हणत होते, काय भारी नवीन आहे! मला वाटलं, हे तर बापूचं.

पाठवलं नाही. सगळं खरं आहे, पण मूळ नाही. मूळ म्हणजे बायकांचं रडणं. ते लिहिलं तर अवधूत म्हणेल, जरा नाटकी होतंय.

१६ जानेवारी

तरी स्वतःपुरतं लिहून ठेवते.

आमच्यात नवरी सासरी निघताना ढावलो म्हणते. एकेकाच्या गळ्यात पडून, रडत, गात. आईसाठी (आम्ही तिला याडी म्हणतो) वेगळा, भावासाठी वेगळा. शब्द बहुतेक ठरलेले. मला तोडू नका, मला पाठवू नका, मी तुम्हाला इतकी जड झाले का. मोठ्या बायका महिनोन्‌महिने शिकवतात. नवरी कशी रडली याची चर्चा पुढच्या लग्नापर्यंत पुरते. आता पोरी नाही म्हणत. डीजेच्या पुढे कुणाला ऐकू जाणार? आमच्या तांड्यात शेवटची जया, माझी चुलत बहीण. तिच्या आईनं, मैनाकाकीनं, हट्टानं शिकवलं. तिच्या लग्नात मी रेकॉर्डर घेऊन उभी होते, काही वर्षं झाली त्याला.

त्यातला आईसाठीचा भाग घेऊन मी गाणं बांधलंय. खाली रेच्यांचा ठेका, मग हळूहळू बास. आजवर केलेल्यातलं सर्वांत चांगलं. खोटं कशाला लिहू! जयाला फोनवर विचारलं होतं. ती मला लहानपणापासून बाई म्हणते. "घे वो बाई. रडन्याचं कोनी भाडं घेते का?"

२१ जानेवारी

अवधूतनं गाण्याचा छोटा तुकडा इंटरनेटवर सोडला. लोक वेड्यासारखे ऐकतायत.

२ फेब्रुवारी

दिग्रसच्या रस्त्यावर वरात अडवून उभी. डीजेची गाडी, आणि गाडीवर माझं गाणं! कुणीतरी वेग वाढवलाय, मधे शिट्ट्या घातल्यात. पोरं अंगावरचे शर्ट काढून फिरवत होती. वर जया रडतेय — याडी, मी तुझ्या पोटाला भार झाले का — आणि खाली नवरदेवाचे मित्र लोळण घेत नाचतायत.

वाईट वाटायला हवं होतं. आधी अभिमान वाटला. वाईट घरी आल्यावर वाटलं.

मैनाकाकीच्या कानावर आधीच गेलेलं. अंगणात तुरी पाखडत होती, मला बघून सूप खाली ठेवलं. "आयकलं का? अख्ख्या दिग्रसात माही पोरगी वाजून राह्यली! म्या सांगतो तुले, जयासारखी कोनी रडली नाही. तांड्याच्या नायकाची बायको बी म्हने, मैना, काय पोरगी तयार केली तू!"

५ फेब्रुवारी

अल्बमसाठी लांब गाणं हवं. म्हणून मूळ रेकॉर्डिंगचा राहिलेला भाग काढला, भावासाठीचा. त्या वेळी बँडवाल्यांनी मधेच सुरू केलं होतं, म्हणून मी तो कधी वापरला नाही. आता आवाज वेगळे करणारं सॉफ्टवेअर आहे. बँड काढला. बायकांची कुजबुज काढली. राहिली जया.

आधीची कडवी नेहमीची. मग चाल तीच, हुंदके तेच, पण शब्द नेहमीचे नाहीत. साध्या मराठीत असे:

भाऊ, पऱ्हाटीत, उभ्या कापसात, मी तुला सांगितलं होतं. तू मान हलवली होतीस. आता सगळ्यांसमोर विचारते — खाली काय बघतोस?

पुन्हा ऐकलं. हात सवयीनं चालले. 'खाली काय बघतोस' नंतर एक श्वास मोकळा सोडला आणि तिथे पूर्ण ठेका आणून आदळला. अचूक बसला. अवधूतला पाठवूनही दिलं. त्याचं लगेच उत्तर: "हेच! हेच गाणं! इथे स्टेजं कोसळतील."

मग जेवायला गेले, आणि भाकरी मोडताना डोक्यात शिरलं. ढावलोत असं कुणी म्हणत नाही. ती खरंच विचारत होती. मांडवभर माणसं होती. सगळ्यांनी शब्द न्‌ शब्द ऐकला आणि सगळे म्हणाले, काय सुंदर रडते!

७ फेब्रुवारी

राजकुमारला गाठलं. जयाचा भाऊ. काका गेल्यापासून त्या घरचं सगळं तोच बघतो, तिचं लग्नही त्यानंच जमवलं. वावरात चिमट्यानं कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटत होता. मोबाइलवर ते कडवं लावलं. ऐकता ऐकता चिमटा हातातच राहिला.

"ढावलोत असंच म्हनते," म्हणाला.

"असं नाही म्हणत. तुला माहितीय."

"उजे, तू पुन्याहून आली, तुले काय माहीत काय म्हनते नि काय नाही!"

"पऱ्हाटीत काय सांगितलं होतं तिनं?"

"पऱ्हाट्या काढू दे मले. ट्रॅक्टर उद्या येऊन राह्यला."

पाठ फिरवली. मी बांधावर थोडा वेळ उभी राहिले. त्यानं एकही झाड उपटलं नाही, नुसता वाकून होता.

८ फेब्रुवारी

काम नाही. हेडफोनला हात लावला नाही.

१२ फेब्रुवारी

वणीला जाऊन आले. एसटीच्या खिडक्या यवतमाळच्या पुढे कोळशाच्या ट्रकांमागे काळ्या पडत जातात. जयाचं घर भाड्याचं, दोन खोल्या. नवरा लखीराम एका ठेकेदाराचा डंपर चालवतो. ड्यूटीवर निघाला होता. माझ्यासाठी थांबून चहा प्यायला, मुलीची वेणी घालून दिली आणि गेला. चांगला माणूस आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण येताना मी मनात काहीतरी भलतंच रचून आले होते.

"आली का वो डीजेवाली बाई!" जया म्हणाली. "वनीत बी वाजते तुहं गानं. आमच्या मागच्या गल्लीत हळदीले वाजलं. म्या बी नाचली."

मी हेडफोन दिले. ठेका नसलेलं, नुसतं तिचं कडवं. ऐकताना हसत होती, मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. संपल्यावर म्हणाली, "पुन्हा लाव."

मग सांगितलं. यवतमाळला नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. सोयरीक तोवर पक्की झालेली. कापूस वेचताना तिनं एकट्या राजकुमारला सांगितलं — लग्न करते, पण शिकून झाल्यावर करते. त्यानं मान हलवली. पुढे कुणी काही बोललंच नाही. दारात लग्नाचा मांडव पडला.

"मंग मले वाटलं, ढावलोत म्हनतो. ढावलोत नवरीले कोनी चूप बस म्हनत नाही. सारेच आयकते." हेडफोन मला परत दिले. "सारे रडले वो बाई. भाऊ तं किती रडला! मले वाटलं, आता थांबवन. मंग बायकांनी मले उचलून गाडीत बसवलं, नि एक जन म्हने, शाब्बास पोरी."

मुलगी मधे मधे करत होती. जयानं तिच्या हातात हेडफोनची पिशवी दिली.

"आता त्याचं काय? पोरगी आहे, मानूस बरा आहे. पन याडी अजून फोनवर सांगते, तू कशी रडली, तू कशी रडली. दर लग्नात सांगते."

मी म्हटलं, गाणं काढून टाकते. अल्बममध्ये नाही घालत.

"कायले? ठेव. नाचू दे लोकायले." मग माझ्याकडे न बघता, "पन आंधी याडीले आयकव. ढोल लावल्याबिगर. नि काय म्हनते ते मले फोन करून सांगजो. मंग तुले जे करायचं ते कर."

१४ फेब्रुवारी

अवधूतशी भांडण. गाणं थांबवायचं म्हटल्यावर आधी हसला.

"तिची परवानगी आहे ना?"

"आहे. पण तिच्या आईला आधी ऐकवायचंय."

"मग ऐकव! अर्धा तास लागेल. उज्ज्वला, त्या एका कडव्यावर सगळा अल्बम उभा आहे. ते काढलंस तर उरतं काय? रेचे?"

खरं आहे. तेच टोचतं. जयानं जे मांडवात सांगून पाहिलं, ते कुणाला ऐकू गेलं नाही. आणि माझ्या ठेक्यानं ते आता सगळ्यांना ऐकू जाईल — नाचण्याजोगं होऊन. कारागिरी म्हणून त्यात एक मात्राही बदलायची नाहीय मला.

१७ फेब्रुवारी

काकीकडे गेले. पाहुणे होते. परत आले. पाहुणे नसते तरी परत आले असते.

१९ फेब्रुवारी

आज कापूस गेला. भाव वाढला नाही, बापूला धीर निघाला नाही. रिकाम्या खोलीत माझाच आवाज चहूबाजूंनी परत येतो. काम होणं शक्य नाही. बापू ओशाळून दोनदा चहा देऊन गेला.

काकी अंगणातून ओरडली, "उजे, जयाचं पूरं गानं झालं का? मले आयकवशील का नाही? अख्ख्या गावानं आयकलं, माय तेवढी राह्यली!"

म्हटलं, होतंय काकी. दोन दिवस.

काय म्हणून ऐकवू? तुमच्या पोरीनं सर्वांत छान रडलेलं म्हणजे काय होतं, ते? या वयात, इतक्या अभिमानावर? आणि नाही ऐकवलं तर जया वणीत फोनकडे बघत बसणार.

२१ फेब्रुवारी

ठरलं. उद्या दुपारी. आधी सगळं सांगणार — नर्सिंग, राजकुमार, वणीत जया काय म्हणाली आणि ती फोनची वाट बघतेय तेही. मग ऐकवणार.

२२ फेब्रुवारी

काकीनं ऐकलं. शेवटपर्यंत. हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"हे कडवं म्या नव्हतं शिकवलं तिले," म्हणाली. "तवाच समजलं होतं मले."

ती उठून दारापर्यंत गेली आणि परत आली.

"जयाले सांगजो, याडीनं हे पयल्यांदा आजच आयकलं म्हनून."