सहदेवआजोबांची गळालेली ओळ

ती. सोनाआत्या,

साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला गेला का? खालापूरला सगळे मजेत असतील असं धरून चालतो, कारण इथे दहिवलीत मला एका जागी बसवत नाही. (हे पत्र ओट्यावर सुरू केलं, आता अंगणात आलोय.) फोन केला असता, पण तू मधेच "जेवलास का रं?" विचारतेस आणि मुद्दा राहून जातो.

गुडघ्यांमुळे तू यंदा जत्रेला आली नाहीस, म्हणून सांगतो. मंडळाने मानकऱ्यांचं वेबपेज माझ्या गळ्यात मारलं. (कंपनीत मी हेच करतो ना.) एकेक मानकरी म्हणजे कोडात एक ऑब्जेक्ट: त्याचं नाव, गाव, मान. सगळे एका कलेक्शनमध्ये भरून लूप फिरवला की तो प्रत्येकाची एक ओळ करत पानावर टेबल उभं करतो. (पीठ आपण मळून द्यायचं, भाकऱ्या तो थापतो.) पोरांनी काही नावं दोनदोनदा भरली होती, म्हणून मी शहाणपणा केला. तेच नाव, तेच गाव पुन्हा आलं तर आधीचं गाळायला सांगितलं.

आता आपल्यात नातवाला आजोबाचं नाव ठेवतात, हे मला कोणी शिकवायला हवं होतं का? भिसेगावचे सहदेव धाऊ, त्यांचा मुलगा धाऊ सहदेव, नातू पुन्हा सहदेव धाऊ. आजोबांचा पहिल्या नारळाचा मान, नातवाचा पालखीच्या खांद्याचा. कोडाने आजोबांना गाळलं. सेक्रेटरी राजेशने मोबाईलवरचं टेबल बघत माइकवर थेट दुसऱ्या नारळापासून पुकारा सुरू केला. नवा फेटा बांधून अर्धे उठलेले आजोबा तसेच खाली बसले आणि प्रसाद न घेता घरी गेले. मला फार वाईट वाटलं, आत्या.

आणि हे आजोबा म्हणजे समीक्षाचे आजोबा. आमचा साखरपुडा तोंडावर आलेला, तर त्यांच्याकडून निरोप आला, तूर्त थांबा. माफी मागायला गेलो, तर गोठ्याकडे बघत म्हणाले, "मी तुज्या टेबलात नाय, मंग तू बोलतोस कोनाशी रं?" समीक्षा फोन उचलते आणि माझा आवाज ऐकला की ठेवून देते. त्यापेक्षा तिने शिव्या घातलेल्या परवडल्या. बाकी सर्व क्षेम.

तुझा,
हर्षद

ता. क. आजोबा तुला बहीण मानतात, ऐकतील तर तुझंच. पत्र घेऊन आलेला विकास रिक्षासकट दारात थांबलाय, त्याला रिकामा पाठवू नको. भिसेगावला जाऊन मानाचा नारळ आजोबांच्या हातात दे आणि माझी बाजू मांड. मला लग्न समीक्षाशीच करायचंय.

ता. क. २. टेबल दुरुस्त केलं. करताना दिसलं, माहेरवाशिणींमध्ये सोनाबाई येसाजी, खालापूर, दोघी होत्या, आणि खण-नारळ धाकटीच्या घरी गेलाय. म्हणजे तुझीही ओळ गळाली होती. रिक्षात दोन नारळ आहेत. त्यातला खणावर ठेवलेला तुझा. तो आधी घे, मग मला काय बोलायचं ते बोल.