सगळे सुखरूप

सान रोके,
१४ नोव्हेंबर

प्रिय रोडेल, माझ्या लाडक्या तोतो,

तुझं पत्र पोचलं. आम्ही बरे आहोत. जोना पुन्हा शाळेत जायला लागली. वाळत घातलेली मासळी मांजरांनी नेली, बाकी विशेष काही नाही.

तू लिहितोस, धक्क्यावरच्या कुणीतरी फोनवर सांगितलं, दुसऱ्या रेडिओ स्टेशनच्या आधी बातमी द्यायची होती, आणि संध्याकाळी तू बातमीची दुरुस्तीही वाचलीस. वाचलीस, हो. मी ऐकली. तोवर आमच्या अंगणात डुक्कर भाजून झालं होतं.

नाताळसाठी पोसलेलं ते. इलोइलोहून येणारी बोट उलटली, फ्लोरो तिच्यात आहे असं कळलं, तेव्हा गावातल्या सगळ्या मच्छीमार होड्यांची इंजिनं सुरू झाली होती. तेवढ्यात रेडिओवर तू म्हणालास, "सगळे प्रवासी सुखरूप." म्हातारा मानोंग इस्को काही इंजिन बंद करेना. म्हणाला, "एर्लिंदा, नवरा डोळ्यांनी दिसू दे, मग थांबू." मीच त्याच्यावर खेकसले, "माझा सख्खा भाऊ बोलतोय, परका नाही. उतर खाली, नवस फेडायचाय." उतरला बिचारा. कातडी काय कुरकुरीत झालीय म्हणून सगळे बोटं चाटत होते. मीही.

फ्लोरो दुसऱ्या दिवशी सापडला. अंगातलं तरंगायचं जाकीट तसंच होतं. डॉक्टर म्हणाले, बुडाला नाही, रात्रभर तरंगत राहिला आणि गारठून गेला. म्हणजे आम्ही जेवत होतो तेव्हा तो जिवंत होता. हे तुला कळू द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण "यात माझी काय चूक" हे तुझं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही.

चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला येऊ का, विचारतोस. ये. त्या दिवशी मेलेल्याचं ताट मांडायचं असतं, आणि जोना म्हणते मांडू देणार नाही. शवपेटी बंदच होती, तिने बापाचं तोंड पाहिलं नाही. "रोडेलमामा म्हणाला ना सगळे सुखरूप? मग बाबा दुसऱ्या बेटावर उतरला असेल," म्हणते. तुझा कार्यक्रम लागला की रेडिओला कान लावून बसते. मी सांगून थकले. माझं तिला खरं वाटत नाही.

तेव्हा तू ये आणि त्याच आवाजात तिला सांग. या वेळी मात्र आधी खात्री करून घे. धक्क्यावरून घरी येताना वाटेतच कबरस्तान लागतं.

तुझ्या शब्दावर होड्या थांबवणारी,
तुझी थोरली बहीण, मानांग
एर्लिंदा