व्याख्येची सातवी मीटिंग

ईलिंग, ४ मार्च २००७

ती. शशिधरमामांस,
सुनेत्राचा सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? मामी चालू देत नाहीत की तुम्हीच चालत नाही, ते खरं कळवा.

माझ्या कॉलेजात एक प्रकार झालाय. इतिहास शिकवणारे फेल्डमन ज्यू आहेत, साठी उलटलेले. नोव्हेंबरात कुणीतरी त्यांच्या लॉकरवर मार्करने घाणेरडी शिवी आणि ‘परत जा’ असं लिहिलं. त्यांचा जन्म इथलाच, रेल्वेलाइनच्या पलीकडचा. त्यांनी तक्रार केली, तर कमिटी म्हणाली की ज्यूद्वेष म्हणजे नेमकं काय हे आधी ठरवू. मी त्या कमिटीची सेक्रेटरी. पाच मीटिंगा झाल्या. कुणी विचारतं, इस्रायलच्या सरकारवरची टीका यात धरायची का. कुणी म्हणतं, मग बोलायचं स्वातंत्र्य कुठे उरलं. मला दोघांचंही पटतं, त्यामुळे मीटिंगचे मिनिट्स लिहिताना पंचाईत होते. तोवर लॉकर पुसायचा नाही, तो पुरावा आहे. त्यावर ब्राउन पेपर चिकटवलाय, आणि वर सूचना, की खाली आक्षेपार्ह मजकूर असू शकेल. ‘आहे’ म्हणता येत नाही, व्याख्या व्हायचीय.

तुम्ही इतकी वर्षं जज्ज होतात. काय करू ते सांगा, आणि माया पातळ करू नका.

सुनेत्रा

पुणे, १९ मार्च २००७

चि. सुनेत्रा हिस अ. उ. आशीर्वाद.

गुडघा बरा. मामीपुढे माझं अपील प्रलंबित आहे.

व्याख्या हवीच. ती नसली की ज्याला लागलं, त्यालाच लागल्याचं सिद्ध करत बसावं लागतं. पण नुसती शब्दांची यादी केलीत तर फसाल. कोण, कुणाला, कशासाठी म्हणालं, हे पाहिल्याशिवाय मी कधी निकाल दिला नाही. तेवढं एक कलम घालून घे.

तुझ्या पत्राची वाट पाहणारा,
शशिधरमामा

ईलिंग, २२ एप्रिल २००७

ती. मामांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र यायच्या आधीच सहाव्या मीटिंगमध्ये व्याख्या मंजूर झाली, तुमच्या कलमाशिवाय. आठवड्यात पहिली तक्रार आली, ती फेल्डमनांविरुद्ध. स्टाफरूममध्ये ते म्हणाले होते की ज्यूंच्या घरी सूप गार झालं तर तक्रार होत नाही, इतिहास होतो. कीथ नावाच्या तरुण लेक्चररने, अगदी त्यांच्याच काळजीपोटी, फॉर्म भरला: समाजाबद्दल सरसकट विधान, कलम तीन.

शुक्रवारी सातवी मीटिंग झाली. अध्यक्षबाईंनी विनोद रेकॉर्डसाठी पुन्हा सांगायला लावला. सांगितला तर गुन्हा दुसऱ्यांदा घडेल का, असं फेल्डमनांनी विचारलं. त्यावर पंचवीस मिनिटं चर्चा झाली. मग त्यांनी सांगितला आणि अध्यक्षबाई हसल्या. हसणं कुठल्या कलमात बसतं, हे कीथला हवं होतं. शेवटी मी तुमचं पत्र काढून इंग्रजीत वाचलं, घाईत गुडघ्यासकट. कलम मंजूर झालं, तक्रार निकालात निघाली. लॉकर उद्या पुसतील. लिहिणारा सापडलेला नाही. त्याला शोधायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

निघताना फेल्डमन म्हणाले की व्याख्या चांगली आहे, राहू दे. पण पाच महिन्यांत त्यांना एकानेही विचारलं नाही की लॉकरवरचं ते वाचल्यावर तुम्ही त्या दिवशी घरी कसे गेलात. मीही विचारलं नव्हतं, मामा. तेव्हा विचारलं. ते म्हणाले की चालत गेलो, बसमध्ये कुणाशेजारी बसावं ते कळेना.

मी ते मिनिट्समध्ये लिहिलं. विषयपत्रिकेत नाही म्हणून अध्यक्षबाईंनी काढायला सांगितलंय. मी काढलेलं नाही.

मामींना नमस्कार, आणि आहे तसाच लोभ ठेवा.

सुनेत्रा