माहेराहून येणारं पाणी

माय, खूप वर्षांनी काल तुझ्या माहेरी जाऊन आले. एसटीनं सेनगाव सोडलं, थोड्या वेळानं एक पूल आला आणि गेला. शेजारच्या बाईला विचारलं तेव्हा कळलं की खालचा तो आपलाच ओढा. त्यात पाणी नव्हतं. घरी आल्यापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय, म्हणून लिहायला बसले.

आपला ओढा तसा छोटाच. उत्तरेच्या डोंगरात उगम पावतो, तुझ्या माहेराला वळसा घालतो, पळसाच्या माळावरून उतरताना दोन-तीन नाले पोटात घेतो आणि आपल्या घरामागून पुढे कयाधूला मिळतो. तुझं माहेर वर, सासर खाली, आणि दोन्हींच्या मधे तेच एक पाणी. पावसाळ्यात सकाळी पाणी गढूळ दिसलं की तू हरखून जायचीस. आपल्या अंगणात धूळ उडत असायची आणि तू घागर टेकवून म्हणायचीस, "माझ्या माहेराला पाऊस झाला गं." शाळेत पाणलोट हा शब्द आला तेव्हा मास्तरांना तो पुन्हा समजावून सांगावा लागला नाही.

मग तो भादव्यातला दिवस. तुझ्या गावचा माणूस बाजाराला आला होता, त्यानं बाबांना निरोप दिला: म्हाताऱ्यानं अंथरूण धरलंय, लेकीला बोलवून राहिला. तू तव्यावरची भाकर अर्धीकच्ची उतरवलीस, माझा हात धरलास आणि निघालीस. वर लख्ख ऊन होतं. उतारावर येतो तर ओढा काठोकाठ भरलेला, लाल पाणी, आणि त्यात पळसाच्या फांद्या, कुणाच्या तरी गोठ्याचा कूड वाहत चाललेला. मी म्हणाले, "माय, इथं तर ऊन हाय. मंग एवढं पाणी कुठून येऊन राहिलं?" तू खेकसलीस, "गप बस! वरून येऊन राहिलं. माझ्याच घरून येऊन राहिलं." माहेराच्या पाण्यावर चिडलेली तू मला तोवर ठाऊक नव्हतीस. पलीकडून एक गुराखी हात हलवत ओरडत होता, "मावशे, उतरू नको! वर अजून पडून राहिला!" तू ऐकलं नाहीस. लुगडं खोचून शिरलीस, कमरेपर्यंत गेलीस, पाय सरकला. मी भोकांड पसरलं तेव्हा कुठे मागे वळलीस. अंधार पडेपर्यंत आपण काठावर बसून होतो. तू नुसती पाण्याकडे बघत राहिलीस.

दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा आजोबांना नेऊन झालं होतं. मामी तुझ्या गळ्यात पडून म्हणाली, "लई वाट पाह्यली वन्सं. दाराकडं पाहत पाहतच गेले." तू रडली नाहीस. रक्षा सावडायच्या दिवशी मामा म्हणाला, "बायका येत न्हाईत तिथं," तरी तू गेलीस, आणि मी तुझ्यामागे. ओढा आता उतरला होता, पोटरीएवढं नितळ पाणी. मामानं राख सोडली. करडा पट्टा दगडांतून वळत खाली निघाला. तू त्याच्याबरोबर काठाकाठानं चालत गेलीस, आणि थांबून म्हणालीस, "मला यायला जमलं न्हाई. ते मात्र माझ्या दारावरून जातील." घरी परतल्यावर कित्येक दिवस तू धुणं ओढ्यावर नेलं नाहीस. मी काहून विचारलं तर म्हणालीस, "जाऊ दे लेकी. पाणी खाली जाऊ दे आधी."

माझं लग्न ठरलं तेव्हा तू स्थळाविषयी फारसं काही विचारलं नाहीस. मुलगा, शेती, माणसं, सगळं बाबांनी पाहिलं. गाव कनेरगाव नाक्याकडचं हे ऐकून एवढंच म्हणालीस, "म्हंजे डोंगराच्या पल्याड. तिकडलं पाणी पैनगंगेला जातं." मी हसले होते. इथे येऊन राहिल्यावर समजलं तू काय म्हणत होतीस. इथे कितीही पाऊस पडला तरी तुला तो कळणार नव्हता.

तू गेलीस ती ऐन वैशाखात. घरामागे नुसते तापलेले गोटे होते, ओंजळभरही पाणी नव्हतं. तुझी रक्षा जीपनं नांदेडला नेली आणि गोदावरीत सोडली. सगळे म्हणाले, भाग्याची बाई, गंगेला मिळाली. तू ती नदी जन्मात पाहिली नव्हतीस.

काल मामेभावानं मला तलाव दाखवला. तुझ्या माहेराच्या खालच्या अंगाला बांध घातलाय. जिथून मामानं आजोबांची राख सोडली ती जागा पाण्याखाली आहे. काठानं हळद उभी आहे, हिरवीगार, आणि भाऊ खरोखर सुखात आहे. त्याच्या सुखावर मला रागावता येईना. "आता खाली पूर म्हणून येत न्हाई, ताई," तो म्हणाला. "कोणी अडकून पडत न्हाई." मी म्हणाले, "व्हय, बराबर हाय." बांधाच्या पलीकडे उतरून मी वाळू पायानं उकरून पाहिली. ओलसुद्धा लागली नाही. आपल्या घरामागे आता लोक कचरा टाकतात. तिथून ओढा जायचा हे नव्या सुनांना सांगावं लागतं.

निघताना भावानं डोंगराकडे बोट केलं. वर कपारीत झरा आहे म्हणे, ओढा तिथूनच सुरू होतो. "चला, घटकाभराची वाट हाय. आत्या लहानपणी तिथंच खेळायची." मी म्हटलं, गुडघे दुखतात रे, पुन्हा कधी तरी. तो बिचारा लगेच मला एसटीला सोडायला निघाला.

हे पत्र टपालात टाकायचं नाही, कपाटात ठेवून देईन. पण तुला खरं सांगते, माय, माझे गुडघे चांगले आहेत. वर जाऊन तो झराही कोरडा दिसला असता तर काय करायचं, ते मला सुचेना.